ड्रेन बोल्टचा वायसर: तांब्याचा, ॲल्युमिनियमचा की रबराचा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण खानापूरला राहता, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे, आणि या वेळी पहिल्यांदाच घराच्या अंगणात आपण स्वतः इंजिन ऑइल बदलले. जुना ॲल्युमिनियमचा वायसर दबून चपटा झालेला दिसला म्हणून दुकानातून ‘17 नंबरचा’ तांब्याचा वायसर आणून बसवला, ड्रेन बोल्टला, म्हणजे तेल काढून टाकण्यासाठी इंजिनाच्या तळाशी असलेल्या बोल्टला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेंबरखाली (तेल साठवणाऱ्या इंजिनाच्या तळाच्या भांड्याखाली) रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला. ओळखीच्या मेकॅनिकने ‘अजून पाव फेरा आवळा’ असे सांगितले. तसे केल्यावरही थेंब धरतोच आहे. तेव्हा पुढचा वायसर कोणत्या धातूचा घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी 9 वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केले आणि त्यानंतर गेली 22 वर्षे बेळगावात स्वतःचे गॅरेज चालवतो. या दोन्ही कामांच्या अनुभवावरून मला वाटते की आपली अडचण धातूची नाही. ती आपल्याच वाक्यातील ‘17 नंबर’ या दोन शब्दांत आहे.

ड्रेन बोल्टच्या डोक्याला 17 चा पाना लागतो, म्हणून बरेच जण काउंटरवर जाऊन 17 चा वायसर मागतात आणि दुकानदारही मागितले ते देतो. पण पान्याचा आकडा हा बोल्टच्या षटकोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराचा असतो. वायसरचा संबंध त्या डोक्याशी नसून आट्यांच्या जाडीशी असतो. 17 च्या डोक्याचा ड्रेन बोल्ट पुष्कळदा एम 14 असतो, म्हणजे आट्यांच्या बाहेरच्या कडेवर मोजल्यास 14 मिमीला किंचित कमी भरतो. त्यावर आतून 17 मिमी असलेला वायसर चढवला तर तो बोल्टभोवती सैल लोंबकळतो, बोल्ट खालून वर लावताना एका बाजूला सरकतो, आणि आवळल्यावर एका अंगाला बोल्टच्या कॉलरबाहेर (डोक्याखालच्या रुंद चकतीबाहेर) डोकावतो, तर दुसऱ्या अंगाला त्याची दाबली जाणारी पट्टी जेमतेम दोरीएवढी उरते. त्या अरुंद जागेतून तेल वाट काढते. आपण अजून पाव फेरा आवळला, तेव्हा वायसर होता तिथेच अधिक घट्ट अडकला, एवढाच फरक पडला.

हा माझा अंदाज आहे. बोल्ट काढून पाहिल्याशिवाय खात्री देता येणार नाही. काढलेल्या वायसरवर दाबाची खूण सगळीकडे सारख्या रुंदीची आहे की चंद्रकोरीसारखी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आहे, ते पाहावे. चंद्रकोर दिसली तर निदान पक्के समजा.

पण त्याआधी, तेल खरोखर ड्रेन बोल्टपाशीच गळते आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. ड्रेन बोल्ट हा चेंबरचा सर्वांत खालचा भाग असतो, त्यामुळे वर कुठेही गळती असली तरी तेल चेंबरच्या पोटावरून घरंगळत शेवटी त्याच्याच टोकाला थेंब धरते आणि दोष बिचाऱ्या बोल्टला लागतो. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिले असेल, किंवा फिल्टर काढताना सांडलेले तेल क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर) साचून हळूहळू ठिबकत असेल, तर डाग अगदी असाच पडतो. इंजिन थंड असताना बोल्ट, चेंबरचा खालचा भाग आणि फिल्टरच्या आजूबाजूची जागा रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडी करावी, तिथे थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी दहा-बारा किलोमीटर चालवून आणावी आणि रात्रभर खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवावा. पावडर जिथून ओली व्हायला सुरुवात होते तिथेच गळती असते.

गळती बोल्टचीच निघाली तर वायसर नेमके काय काम करतो, हे आधी समजून घेतलेले बरे; मग निवड अवघड राहत नाही. ड्रेन बोल्टचे आटे सरळ असतात, नळाच्या काही जोडांप्रमाणे निमुळते नसतात, त्यामुळे ते कितीही घट्ट बसले तरी आट्यांच्या वळणावळणाने तेलाला वाट राहतेच. ती वाट बंद होते ती बोल्टच्या कॉलरखाली, जिथे कॉलर आणि चेंबरचा तोंडाचा भाग यांच्यामध्ये वायसर दाबला जातो. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या या दोन्ही पृष्ठभागांवर बारीक चरे असतात. वायसर त्या दोघांपेक्षा मऊ असला तरच तो दाबाखाली त्या चऱ्यांत शिरतो आणि ते भरून काढतो. म्हणून माझ्या लेखी वायसर निवडण्याचा पहिला नियम असा की बोल्ट, वायसर आणि चेंबर या तिघांत वायसर सर्वांत मऊ असला पाहिजे, म्हणजे झिजायचे, दबायचे आणि फेकून द्यायचे ते त्यालाच. हार्डवेअरच्या दुकानात नटाखाली घालायला मिळणारा साधा लोखंडी वायसर इथे चालत नाही, तो यामुळेच; तो दबत नाही, उलट ॲल्युमिनियमच्या चेंबरवर स्वतःची खूण उमटवतो.

लोकांना वाटते की इंजिनात तेलाचा मोठा दाब असतो आणि बोल्टला तो अडवायचा असतो. पंपाच्या पुढे, तेलाच्या वाहिन्यांमध्ये, चालू इंजिनात काही बार (बार हे दाबाचे एकक) दाब असतो हे खरे. पण चेंबरमधले तेल पंपाने ओढून घ्यायचे असते, ते दाबाखाली नसते. बोल्टवर असते ते केवळ दहा-बारा सेंटिमीटर तेलाचे वजन, म्हणजे सुमारे 0.01 बार; मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाचा हा दोनशेवा भागही नाही. एवढ्याशा दाबासाठी बोल्ट पिळून काढण्याची गरज नसते. बोल्टला खरा त्रास होतो तो रोजच्या तापण्या-निवण्याचा आणि हादऱ्यांचा, आणि त्यासाठी लागतो तो बेताचा, पण सर्व बाजूंनी सारखा ताण.

आता धातूकडे येतो. ॲल्युमिनियमचा सपाट वायसर हा आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत सर्वांत जास्त दिसतो. होंडाच्या पुष्कळ इंजिनांना 14 मिमीचा ॲल्युमिनियम वायसरच येतो. तो मऊ असतो, एकदाच चांगला दबतो आणि पुन्हा वापरायचा नसतो. तांबेही उत्तम काम करते, मात्र ते मऊ केलेले हवे. तांबे दबले, ठोकले किंवा वाकवले की कडक होते, हे तांबटाला सांगावे लागत नाही. बाजारात सुट्टे मिळणारे काही तांब्याचे वायसर पत्र्यातून कापून तसेच पिशवीत भरलेले असतात आणि ते इतके कडक असतात की बेताच्या ताणात दबतच नाहीत. ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे: वायसर हातभर उंचीवरून फरशीवर टाकावा. कडक तांबे नाण्यासारखे खणखणते. मऊ तांब्याचा आवाज बोजड येतो.

कडक वायसर मऊ करता येतो, आणि ते घरच्या स्वयंपाकघरातही जमते. बारीक तारेच्या आकड्यात वायसर अडकवावा, खोलीतला दिवा मालवावा आणि गॅसच्या निळ्या ज्योतीच्या टोकावर धरावा. आधी त्याच्यावर मोरपंखी रंग पसरतात, मग तो काळवंडतो, आणि काही क्षणांनी अंधारात जेमतेम दिसेल असा मंद लाल होतो. तेवढे झाले की लगेच पाण्यात टाकावा. पोलादाच्या उलट, तांबे पाण्यात विझवल्याने कडक होत नाही; शिवाय वरची काळी खपली सुटून जाते. मग काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू गोल फिरवत घासाव्या. हा प्रयोग ॲल्युमिनियमवर मात्र चुकूनही करू नये. तांबे 1085 अंशांना वितळते, ॲल्युमिनियम 660 लाच; तांबे लाल होऊन सूचना देते, ॲल्युमिनियम लाल न होताच ज्योतीवर गळून पडते.

रबर आणि धातू एकत्र चिकटवलेला वायसर, ज्याला उद्यमबागेतले लोक डाऊटी सील म्हणतात, तो मला व्यक्तिशः आवडतो. बाहेर लोखंडी कडे, आत रबराची उंच ओठासारखी कड. आवळताना आधी रबर दबते आणि मग लोखंडी कडे टेकते, त्यामुळे रबर किती दबावे याला आपोआप मर्यादा राहते. चेंबरच्या तोंडावर हलके ओरखडे असतील तर सपाट धातूच्या वायसरपेक्षा हा ते जास्त सांभाळून घेतो. बेळगावात हायड्रॉलिक्सचा धंदा मोठा असल्याने ही सीले आपल्याला सहज मिळतात. दुसऱ्या गावातल्या माणसाला ऑनलाइन मागवावी लागतात. पण घेताना दोन गोष्टी स्पष्ट बोलाव्या लागतात.

पहिली गोष्ट मापाची. हायड्रॉलिकवाल्यांच्या काउंटरवर बीएसपी मापांची, म्हणजे पाइपांच्या आट्यांच्या ब्रिटिश इंची मापांची, चलती असते, आणि आपण ‘14 च्या आसपासचा’ म्हटले की पुष्कळदा पाव इंची बीएसपीचे सील हातात पडते. पाव इंची बीएसपी आट्याचा बाह्य व्यास सुमारे 13.16 मिमी असतो. त्याच्यासाठी केलेले सील एम 14 च्या बोल्टवर चढवताना रबराची कड आट्यांवर सोलली जाते, आणि ते आपल्याला बोल्ट आवळेपर्यंत कळत नाही. तेव्हा बोल्टच घेऊन जावे आणि ‘एम 14 मेट्रिक’ असे म्हणावे. समोरचा माणूस कन्नड बोलणारा असला तरी एम 14 हे दोन्ही भाषांत एम 14 च आहे. दुसरी गोष्ट रबराची. साधे सील नायट्राइल रबराचे असते. गरम इंजिनातले तेल 90 ते 110 अंशांपर्यंत जाते, घाटात त्याहूनही वर जाते, आणि नायट्राइलची सोय साधारण तिथपर्यंतच आहे. ते लगेच खराब होते असे नाही, पण कालांतराने कडक पडून भेगाळते. व्हायटॉन या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचे सील 200 अंशांच्या आसपासपर्यंत टिकते; ते थोडे महाग असले तरी तेच मागावे.

फायबरचे किंवा प्लॅस्टिकचे वायसर काही कंपन्यांच्या गाड्यांत मुळातच येतात, तिथे ते योग्यच आहेत. जिथे धातूचा होता तिथे हौसेने फायबरचा घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग सरसकट एकच उत्तर का देता येत नाही? कारण गाडीगाडीत फरक आहे. टोयोटाच्या पुष्कळ इंजिनांना एम 12 चा, 1.25 मिमी आट्याचा (म्हणजे लगतच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेला) बोल्ट असतो. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत वायसर बोल्टमध्येच न सुटणारा असतो आणि कंपनी दर वेळी अख्खा बोल्ट बदलायला सांगते. रेनोच्या 1.5 लिटर डिझेलला एम 16 चा बोल्ट आहे आणि त्याला डोक्याऐवजी 8 मिमीचा चौकोनी खाचा. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आणि अधिकृत स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जे माप सांगितले असेल ते माझ्या कोणत्याही मतापेक्षा वरचे समजावे. मूळ कंपनीचा वायसर मिळत असेल तर माझे उत्तर तिथेच संपते. तोच घ्यावा, त्याची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते.

मूळ वायसर मिळत नसेल तर मोजावे. व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची सरकती पट्टी) नसेल तर कोणत्याही लेथवाल्याकडे मिळेल, आणि तो पैसे घेणार नाही. आट्यांचा बाह्य व्यास मोजावा. वायसरचे आतले भोक त्याहून फार तर अर्धा मिलिमीटर मोठे असावे, म्हणजे तो बोटाने सरकतो पण खुळखुळत नाही. वायसरचा बाहेरचा व्यास बोल्टच्या कॉलरपेक्षा मोठा नसावा. एम 14 साठी तो साधारण 20 ते 22 मिमी असतो. जाडी दीड ते दोन मिलिमीटर. जाडीत थोडा फरक चालतो: आटा 1.5 मिमीचा असेल तर अर्धा मिलिमीटर जाड वायसराने आट्याच्या एका फेऱ्याचा तिसरा हिस्सा कमी पकडला जातो, त्याने काही बिघडत नाही. पण गळती थांबावी म्हणून एकावर एक दोन वायसर घालणे चूक आहे, कारण तेलाला तीन ठिकाणांहून जायला वाव मिळतो.

दोन वायसर नकळतही होतात. गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजचे एक शिक्षक गाडी घेऊन आले होते. तीन गॅरेजांत तीन नवे वायसर बसवून झाले होते, गळती तशीच. मी बोल्ट काढला, वायसर काढला आणि चेंबरच्या भोकाभोवती नख फिरवले. तोंडाचा भाग चेंबरच्याच रंगाचा, मळकट काळा, अगदी मूळचा वाटावा असा. पण एका जागी नख केसाएवढ्या कडेला अडखळले. तिथे जुन्या ब्लेडचे टोक घातल्यावर पापुद्रा निघावा तसा ॲल्युमिनियमचा एक चपटा वायसर निघून हातात आला, त्याच्यामागे चेंबरची चकचकीत मूळ जागा. पहिल्या सर्व्हिसपासून तो तिथेच चिकटून होता आणि प्रत्येक नवा वायसर त्याच्या खडबडीत पाठीवर बसत होता. तेव्हापासून माझ्याकडच्या पोरांना मी सांगून ठेवले आहे की बोल्टबरोबर जुना वायसर ताटात पडलेला दिसला नाही तर तो गाडीला आहे असे समजून शोधायचे. आपला जुना वायसर आपण पाहिला आहे, त्यामुळे आपल्याबाबतीत ही शंका कमी आहे. तरी नख एकदा फिरवावे.

तोंडाचा भाग पाहताना बोटाने ठोके आणि खड्डेही तपासावेत. जांबोटी-कणकुंबी मार्गे चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्यांच्या चेंबरना पावसाळ्यात दगडांचा मार बसतो, आणि खानापूर तालुक्यातला लाल चिखल बोल्टच्या कॉलरभोवती विटेसारखा सुकतो. बोल्ट सोडण्याआधी तो चिखल ब्रशने पूर्ण झाडावा; सोडताना आत गेलेला एक खडा नव्या वायसराखाली राहिला तर धातू कोणताही असो, गळणारच.

आता आवळण्याबद्दल, कारण खरे नुकसान इथेच होते. छोट्या पेट्रोल गाड्यांच्या एम 12 आणि एम 14 बोल्टला कंपन्या साधारणपणे 30 ते 40 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा ताण, सांगतात. टॉर्क पाना असल्यास प्रश्नच नाही. नसल्यास हिशोब असा: 20 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 18 किलो जोर लावला की 35 न्यूटन-मीटर होतात, तेलाचा 15 किलोचा डबा एका हाताने उचलताना जेवढा जोर लागतो त्याहून थोडा जास्त. त्याच पान्याला पाइप लावून लांबी 60 सेंटिमीटर केली आणि तोच जोर दिला तर ताण तिपटीने वाढून 105 होतो, आणि हाताला मात्र काहीच वेगळे जाणवत नाही.

हे मी सांगतो ते भोगून. गॅरेज सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षी एका गाडीची अशीच गळती थांबवण्यासाठी मी पाइप लावून बोल्ट आवळला होता. बोल्ट घट्ट होत होत अचानक हलका फिरू लागला. काढून पाहिले तर ॲल्युमिनियम चेंबरचे आटे स्प्रिंगसारखे सुटून बोल्टला गुंडाळलेले होते. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलेले, आणि चेंबरचे पैसे माझ्या खिशातून. पत्र्याच्या चेंबरला आतून जाड नट वेल्ड केलेला असतो, तो बराच सोसतो. ओतीव ॲल्युमिनियमच्या चेंबरला असा मार सोसत नाही. आपले चेंबर कोणते आहे ते चुंबक लावून एका क्षणात कळेल.

आपण पाव फेरा अधिक आवळला आहे, म्हणून नवा वायसर घालण्यापूर्वी बोल्ट हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत फिरतो का ते पाहावे. सहज फिरला तर आटे शाबूत आहेत. मध्येच अडकला किंवा आट्यांत चांदीसारखे तुकडे दिसले तर पुढे जोर करू नये. लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी, म्हणजे बोल्टचे मूळ माप कायम राहते. जाड आट्याचा बोल्ट ठोकून बसवण्याचा उपाय मी सुचवणार नाही.

आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण तेल आट्यांपाशी अडवायचेच नसते आणि टेपचे धागे तुटून आत जातात. वायसरावर गॅस्केट पेस्ट लावण्याची सवय चिकोडी-अथणीकडच्या ट्रॅक्टरवाल्यांत फार आहे. उसाच्या हंगामात रानात उभ्या ट्रॅक्टरला ती क्षम्य मानतो, पण मोटारीत आतल्या बाजूला पिळून आलेली पेस्ट सुटून तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसू शकते. त्या जाळीच्या पुढे सगळे इंजिन आहे.

आपण करायचे काम एवढेच: गाडीचा मूळ भाग किंवा मोजून घेतलेला (बोल्ट एम 14 निघाला तर 14 मिमी आतील व्यासाचा) ॲल्युमिनियमचा नवा वायसर आणावा, तो मिळाला नाही तर मऊ तांब्याचा, तोंडावर ओरखडे असतील तर व्हायटॉनचे एम 14 सील. इंजिन कोमट असताना तेल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. बदलून आठवडाही झाला नसेल तर तेच तेल स्वच्छ फडक्यातून गाळून परत घालता येते. बोल्ट आधी हाताने, मग पान्याने बेताने आवळावा. एकदा पूर्ण तापवून, मग थंड होऊ देऊन कोरड्या टिश्यूने बोल्टची कॉलर पुसून पाहावी. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. या मधल्या काळात, गळती लहान वाटत असली तरी, दर दोन दिवसांनी सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक पाहावी आणि तेल खालच्या खुणेच्या जवळ आले तर गाडी चालवण्याआधी भरावे. आणि बोल्टचे जे माप निघेल ते बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावे: एम 14, वायसर 14 बाय 20, ॲल्युमिनियम, किंवा जे असेल ते. पुढच्या वेळी काउंटरवर तेच वाचून दाखवावे.